बाहेरच्या खोलीतलं पेण, स्वयंपाकघरातलं रोहा

श्रावणातला दुसरा रविवार, सकाळ. स्थळ: अष्टमी, आमच्या बिल्डिंगचा पहिला मजला, काकांचं घर. हजर: काका, काकू (खुर्चीत), काकूंचे थोरले भाऊ, म्हणजे पेणचे मामा, आणि मी. गैरहजर: सुतार, कारण आदल्या रविवारी त्याचा अपमान झाला होता. विषय: फळ्या तर बसवून झाल्या, आता स्वयंपाकघराच्या दारातून रेल्वे न्यायची की नाही.

सभा सुरू करण्याआधी काकांनी उजवा तळहात हवेत धरला, त्याच्यावर काहीतरी ठेवल्यासारखा दोनदा वरखाली केला आणि मला विचारलं, "सेक्रेटरीबाई, रिकामं किती, भरलेलं किती?"

गेल्या काही वर्षांत तुम्ही अष्टमीत राहत असाल, तर हा प्रश्न तुम्हालाही विचारला गेला असेल. काका नदीपलीकडे, रोह्याच्या एका कंपनीत वजनकाट्यावर होते. ट्रक रिकामा आत येतो, त्याचं वजन. भरून बाहेर जातो, त्याचं वजन. वजाबाकी म्हणजे माल. उभी नोकरी त्यांनी ही एकच वजाबाकी केली आणि निवृत्त झाल्यावर ती घरी घेऊन आले. बाजाराची पिशवी, गॅसची टाकी, लग्नाला जाऊन जेवून आलेला शेजारी, सगळ्यांना एकच प्रश्न. एकदा माहेरी आलेल्या बाळंतिणीलाही त्यांनी तो प्रेमाने विचारला आणि तिच्या आईकडून जिन्यात खरपूस बोलणी खाल्ली.

मी सोसायटीची सेक्रेटरी. पाण्याची पाळी, जिना झाडण्याची पाळी, आरतीची पाळी, या सगळ्या याद्या माझ्याकडे. घरात कुठलंही काम निघालं की मी आधी कागद घेते, मग चष्मा लावते. काकांच्या घरात रेल्वे निघाली, तेव्हा मला बोलावणं येणं साहजिक होतं.

रेल्वे का निघाली, ते आधी सांगायला हवं.

काकू पेणच्या. त्यांच्या माहेरी गणपतीच्या मूर्तींचा लहानसा कारखाना. लग्न झाल्यापासून या घरातला गणपती काकू स्वतः पेणहून आणत. आधी एसटीने, पुढे रेल्वे झाल्यावर रेल्वेने. मूर्ती मांडीवर, तोंडावर रुमाल, शेजारी काका, हातात झांज. रोहा स्टेशनवर उतरून रिक्षाने पूल ओलांडून अष्टमीला. एवढ्या वर्षांत त्यांनी मूर्ती दुसऱ्या कुणाच्या मांडीवर दिली नव्हती, काकांच्यासुद्धा नाही. "तुम्हांला काय कळायचा धक्का," असं म्हणत.

मग एका पावसाळ्यात काकू मोरीत घसरल्या. खुब्याला रॉड घातला. वॉकर धरून त्या मोरीपासून ओट्यापर्यंत येत, ओट्यापासून देव्हाऱ्यापर्यंत जात, आणि तेवढंच. गाडीच्या पायऱ्या चढणं संपलं, रिक्षाची बैठकही संपली. घरी आल्यावर महिन्याभरातच त्यांनी जाहीर केलं, "माझ्या मांडीवरून आला नाय, तर या घरात गणपती येणार नाय. झाला तेवढा पुरे झाला."

बिल्डिंगमधल्या आम्ही सगळ्याजणींनी समजावलं. मामांनी पेणहून येऊन समजावलं. गणपती बंद करणं म्हणजे काय हे काकूंना आम्ही सांगायची गरज नव्हती. सांगून झाल्यावर त्या पदराने डोळे पुसायच्या आणि परत तेच म्हणायच्या. काका मात्र खिडकीत बसून तळहात वरखाली करत राहिले.

याच सुमारास काकांचा आखाती देशात असलेला पुतण्या सुट्टीवर आला. त्याने कधीतरी आपल्या मुलासाठी तिकडून खेळण्यातल्या रेल्वेचा खोका आणला होता. मुलगा मोठा झाला होता, खोका तसाच राहिला होता. पुतण्याने तो काकूंना करमणूक म्हणून दिला. त्यात एक काळं इंजिन, तीन डबे, रुळांचे तुकडे आणि एक डबी. डबीवरचं बटन फिरवलं की रुळात वीज जाते आणि इंजिन चालतं. काकांनी इंजिन तळहातावर घेतलं, वरखाली केलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, की काकू घाबरून म्हणाल्या, "अहो, काय झालं? जड हाय का?"

"हे ओढेल," काका म्हणाले.

"काय ओढेल?"

"तू इथे खुर्चीत बस. गणपती पेणहून गाडीत येईल. गाडी तू चालव."

काकूंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग विचारलं, "माझ्या हाताने?"

"तुझ्या हाताने."

"मधी कोणी हात लावायचा नाय."

"नाय लावणार."

"मग बघा जमतंय का," काकू म्हणाल्या आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा कांदा चिरायला घेतला.

तर अशी ती सभा. माझ्या कागदावर पहिला मुद्दा होता जागेचा. काकांची योजना अशी: बाहेरच्या खोलीत, मुख्य दाराशेजारच्या कोपऱ्यात पेण. तिथून भिंतीला धरून खुर्चीच्या उंचीवर लाकडी फळी. फळी टीव्हीखालून, चपलांच्या मांडणीवरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. दार ओलांडून आत, ओट्याच्या कडेने देव्हाऱ्यापर्यंत. देव्हारा म्हणजे रोहा.

"आपण अष्टमीत राहतो," मी म्हटलं.

"मोरी म्हणजे कुंडलिका नदी. आपण पलीकडे," काका म्हणाले. यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी लिहून घेतलं.

मामांचा आक्षेप जास्त गंभीर होता. "दाजी, मूर्ती कारखान्यातून तुमच्या बाहेरच्या खोलीत मीच आणणार ना? खऱ्या गाडीने? म्हणजे ती माझ्या मांडीवरूनच आली."

काकूंचा चेहरा पडला. काकांनी तळहात तोलला.

"तुम्ही कारखान्याचे," ते म्हणाले. "मूर्ती तुमच्या हातात असेपर्यंत ती पेणमध्येच. तुम्ही त्या कोपऱ्यात बसायचं. फळीच्या पुढे पाऊल टाकायचं नाय. घर स्वयंपाकघराच्या दारापासून सुरू."

"आणि मला चहा?"

"पेणमध्ये मिळेल."

काकूंची एक अट राहिली होती. त्यांची मावशी गडबची, म्हणजे पेण-रोहा वाटेवरच्या गावची. लहानपणी काकू तिथे राहायच्या. गाडी गडबला थांबली पाहिजे.

"गडबला स्टेशन नाय," काका म्हणाले.

"माझ्या घरात हाय."

चपलांच्या मांडणीवर गडब झालं.

सुताराचा अपमान कसा झाला, तेही इथेच सांगते, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. सुताराने प्लायवूड आणलं. काकांनी ते भंगारवाल्याकडून मागून आणलेल्या काट्यावर तोललं. सुताराने फळ्या कापल्या. काकांनी फळ्या तोलल्या, उरलेले तुकडे तोलले, मग केरसुणीने भुसा गोळा करून तोही तोलला. बेरीज जुळली नाही. "उडाला असेल भुसा," सुतार म्हणाला. "असेल," काका म्हणाले, "पण किती?" सुताराने करवत पिशवीत घातली. फळ्या बसवून झाल्या होत्या म्हणून बरं. त्याच्याकडे राहिलेली बारीकसारीक कामं मी कागदावर लिहून ठेवली: पुलाची बिजागरी घट्ट करणे, पेणच्या फळीचा कोपरा घासणे, डोंगर आला की सरस लावून फळीला चिकटवणे.

पूल म्हणजे स्वयंपाकघराच्या दारातली उचलायची फळी. ती खाली असली की गाडी जाते, माणूस जात नाही. वर असली की माणूस जातो, गाडी जात नाही. श्रावणभर त्या घरात जेवणाच्या वेळा गाडीवर ठरल्या. मी एकदा वाटीभर साखर परत द्यायला गेले. गाडी गडबला होती. मी वाटी हातात घेऊन दारात उभी राहिले. आतून कुकरची शिट्टी झाली.

"फाटक उघडा हो, भात लागेल!" बाहेरच्या खोलीत अडकलेल्या काकू.

"गाडी निघाली हाय!" काका.

"मग तुम्ही खा ती गाडी!"

भात लागला. काकांनी लागलेला भात खाल्ला आणि गाडी वेळेवर रोह्याला पोहोचली.

रूळ हा स्वतंत्र त्रास होता. आपल्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं, तर रुळांचं काय. एका रात्रीत त्यांच्यावर पातळ काळपट थर यायचा आणि इंजिन मधेच उभं राहायचं, विचार करत असल्यासारखं. काका रोज सकाळी देवपूजेआधी खोडरबर घेऊन पेणपासून रोह्यापर्यंत रूळ पुसत जात. बाहेरच्या खोलीत गुडघ्यावर, स्वयंपाकघरात उकिडवे. त्यांना तसं पाहून खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "नवस बोललाय का गो कसला?" मी हो म्हणाले. स्पष्टीकरणापेक्षा ते सोपं होतं.

मग डोंगर आला.

गडबनंतरच्या नागोठणे स्टेशनच्या पुढे, पुलाच्या अलीकडे डोंगर हवा असं मामांना वाटलं होतं. खऱ्या लाइनीवर त्या जागी बोगदा आहे की नाही यावर काका आणि मामा दोन दिवस फोनवर भांडले. पण डोंगर तोवर बनवून झाला होता, म्हणून वाद मिटला. काथ्या आणि प्लास्टरचा, आतून पोकळ, खाली आरपार बोगदा. आणि रंग गुलाबी. गणपतीच्या अंगाला देतात तो. कडांना सोनेरी.

"मामा, डोंगर हिरवा असतो," मी म्हटलं.

"सीझनला हिरवा कोण घोटत बसेल, बाय? गणपतीला हिरवा लागतो कुठे?"

बरोबर त्यांनी शाडूची माणसं आणली होती, स्टेशनवर उभी करायला. मामांचा हात आयुष्यभर एकाच कामाला लागलेला. त्यामुळे स्टेशनमास्तर, हमाल, भजीवाली, सगळे पोट पुढे काढून, एक पाय दुमडून बसलेले. सगळ्यांचे डोळे लांबट, शांत, अर्धे मिटलेले. सगळ्यांचा उजवा हात वर.

"हा हात दाखवतोय, म्हणजे गाडी थांबवतोय," काका म्हणाले.

"आशीर्वाद देतोय, दाजी."

काकांनी निर्णय दिला: पेणच्या मास्तरचा आशीर्वाद म्हणजे सुटा, रोह्याच्या मास्तरचा आशीर्वाद म्हणजे थांबा. भजीवालीकडे दुर्लक्ष करावं.

आता वजन. काकांनी पेणला फोन केला. "दादा, मूर्ती रिकामी किती, भरलेली किती?"

"गणपती रिकामा कसा असेल?" मामा.

"म्हणजे ओली किती, सुकून किती, रंग लागल्यावर किती?"

मामा बिचारे भर हंगामात रोज मूर्ती तोलत होते. वीतभरापेक्षा लहान, भरीव शाडूची. शेवटचा आकडा आला तेव्हा काकांनी घरातल्या तराजूत त्याच्याइतकं काय भरतं ते शोधलं. एक मोठा बटाटा आणि अर्धा कांदा. दोन्ही रुमालात बांधून, एका डब्याचं टप काढून त्यावर सुताराने आधीच चिकटवलेल्या इवल्याशा पाटावर ठेवले.

चाचणीला मी हजर होते. काकूंनी बटाट्याला हात जोडले नाहीत, पण पदर मात्र डोक्यावर घेतला. बटन फिरवलं. गाडी झटक्यात सुटली, गडबच्या वळणावर बटाटा उडाला आणि माझ्या चपलेत पडला.

काकू रडकुंडीला आल्या. "मांडीवर असला की गाडीचा प्रत्येक धक्का मला आधी कळायचा. या बटनातून काय कळतंय? डोंबल?"

काकांनी टॉवेलची चौघडी करून ती काकूंच्या मांडीवर पसरली आणि बटनाची डबी ओट्यावरून उचलून त्यावर ठेवली.

"आता चालव."

गाडी निघाली तशी डबी बारीक गुणगुणू लागली. वळणावर इंजिनाला जोर लागला, तसा तिचा आवाज भरला. काकूंनी डबीवर दोन्ही तळवे ठेवले. गाडी गडबला थांबली, सुटली, बोगद्यात शिरली, बाहेर आली, पूल ओलांडून देव्हाऱ्यापाशी अलगद उभी राहिली. बटाटा जिथल्या तिथे.

"कळतंय," काकू म्हणाल्या. काका मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत होते.

त्यानंतर रोज दुपारी सराव. बटाटा बदलला जायचा, कारण दोन दिवसांनी काकू तो भाजीत घालत. माझ्या यादीतली सगळी कामं संपली, सुताराची तेवढी राहिली. सुतार काही आला नाही.

गणेश चतुर्थी. मामा सकाळच्या गाडीने मूर्ती घेऊन आले आणि ठरल्याप्रमाणे पेणमध्ये बसले. चहा तिथेच. खालच्या आजी, समोरची दोन बिऱ्हाडं, सगळी भिंतीला चिकटून उभी. काकूंनी इरकल नेसली होती, केसांत फूल, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर डबी. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांना डोंगरापर्यंतचं सगळं दिसत होतं. शेजारी भाकरीचा तुकडा आणि तांब्या तयार होता. गणपती आणणाऱ्याच्या पायांवर उंबऱ्यात पाणी घालतात ना? आणणारं इंजिन होतं, म्हणून चाकांवर पाणी. काका म्हणाले होते, "शॉक बसेल." काकू म्हणाल्या होत्या, "बसू दे. रीत म्हणजे रीत." शेवटी पळीभर पाण्यावर तडजोड झाली होती.

मामांनी मूर्ती पाटावर ठेवली, तोंडावर रुमाल घातला, हात मागे घेतले. पेणच्या मास्तरचा हात वर होताच.

"गणपती बाप्पा!"

"मोरया!"

गाडी सुटली. काकूंचा हात इतका हलका होता, की ती निघालेली आधी रुमालाच्या हलण्यावरून कळली. टीव्हीखालून गेली. गडबला थांबली. काकूंनी मावशीचं नाव घेतलं, आम्ही सगळ्यांनी मोरया म्हटलं. सुटली. नागोठणं गेलं. इंजिन बोगद्यात शिरलं.

"थांबा," काकू म्हणाल्या. आमच्या कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. त्यांनी बटन मागे फिरवून बंद केलं होतं. "डबी रडली."

आम्ही वाकून पाहिलं. बाप्पाचा मुकुट बोगद्याच्या कमानीला टेकला होता.

बटाट्याला मुकुट नसतो. आम्ही वजन पाहिलं होतं. ओलं, सुकं, रंगासकट. उंची कुणी पाहिलीच नव्हती. वजनकाट्यावर उंची लागत नाही.

"मागे घे, मागे घे," मामा पेणमधून ओरडले.

"मागे?" काकूंचा आवाज चढला. "घरी निघालेला गणपती मागे फिरवू? दादा, तू बोलतोयस हे?"

"मग हातात घेऊन पलीकडे ठेवा," समोरच्या वहिनी म्हणाल्या.

"मग तो हातातून आला. माझ्याकडून नाय आला."

"पुढे रेट थोडं. मुकुट घासेल जरासा."

हे कोण बोललं ते मला आठवत नाही, पण मामा उठून उभे राहिले. "नाय! सुकी शाडू हाय. टोक गेलं तर मूर्ती भंगली. भंगलेली पुजता येत नाय."

काकूंनी डबीवरचे हात काढले आणि मांडीवरच्या टॉवेलची कड दुमडायला लागल्या. मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं आणि मला कळलं, की आता त्या उठतील, वॉकर घेतील, आणि या घरातला गणपती इथे, नागोठण्याच्या पुढे, संपेल.

कुणीतरी हातोडी म्हणालं. मामा म्हणाले, हातोडीचा हादरा मूर्तीला बसेल. कुणीतरी ब्लेड म्हणालं. प्लास्टर होतं, अर्धा दिवस लागला असता.

काका डोंगराशेजारी उभे होते. त्यांनी वाकून डोंगराखाली बोटं घातली. मग माझ्याकडे पाहिलं.

"सेक्रेटरीबाई, हा चिकटवलाय का?"

"नाही," मी म्हटलं. "सुतार आला नाही."

"रिकामा किती असेल?" त्यांनी डोंगराकडे पाहत विचारलं, आणि या एकदाच प्रश्नाचा दुसरा भाग विचारला नाही.

डोंगर एकट्याला पेलण्यातला नव्हता. शिवाय तो सरळ वर उचलायला हवा होता, कणभरही न झुकवता. मूर्तीऐवजी डोंगराला हात लावायला हरकत आहे का, असं काकांनी काकूंना विचारलं. काकूंनी विचार केला. बाप्पाला हात नको. डोंगराचं काही बोलणं झालेलं नव्हतं.

"पण दुसरी बाजू कोण धरेल? वजन सारखं पाहिजे," काका म्हणाले.

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. डोंगर त्यांनीच बनवलेला. कुठे धरला तर तुटणार नाही ते त्यांनाच ठाऊक. पण मामा पेणमध्ये होते आणि फळीच्या पुढे पाऊल टाकायचं नाही असा नियम होता.

"दादा पेण सोडून आला तर कारखान्याचा माणूस मधी आला," काकू म्हणाल्या. त्या आता हसू दाबत होत्या की रडू, मला सांगता येणार नाही.

काकांनी तळहात तोलला. "सेक्रेटरीबाई पेणला बसतील. पेण मोकळं ठेवायचं नाय. दादा नागोठण्याला प्रवासी म्हणून आले."

मी जाऊन पेणच्या खुर्चीत बसले. मामा प्रवासी झाले. डाव्या बाजूला काका, उजव्या बाजूला मामा. दोघांनी बोटं घातली, डोळ्याला डोळा लावला आणि तो गुलाबी डोंगर सोनेरी कडांसकट फळीवरून हळूच वर उचलला. भिंतीपाशी आजी हात जोडून म्हणाल्या, "गोवर्धनच गो बाय!" आणि कुणालाच ते चेष्टेचं वाटलं नाही.

"चल," काका म्हणाले. डोंगराचं सगळं वजन त्यांच्या मानेत उतरलं होतं.

काकूंनी डबीवर हात ठेवला. गाडी निघाली. डोंगराखालून, काकांच्या घामेजलेल्या हाताशेजारून, रुमालाखाली झाकलेला बाप्पा पुलाकडे सरकला. पुलावर गाडी उभी राहिली. काकूंनी खुर्चीतून वाकून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि इंजिनाच्या चाकांवर पळीभर पाणी घातलं. एक ठिणगी उडाली, इंजिन खोकलं आणि पुन्हा चालू लागलं. रोह्याच्या मास्तरने हात वर केलेला होताच. गाडी देव्हाऱ्यापाशी थांबली.

"आला," काकू म्हणाल्या.

काका आणि मामा अजून डोंगर धरून उभे होते. ठेवायला कुणी सांगितलंच नव्हतं.

दीड दिवसाच्या गणपतीनंतर मी यादीत पहिलं काम घातलं: बोगदा दोन बोटं वाढवणे. काका म्हणाले, "वजन बरोबर आलंय. उंचीचं बघू." पुढच्या वर्षी मी परत आठवण केली. सुतारही तोवर रुसवा सोडून आला होता आणि म्हणाला, तासाभराचं काम आहे. काका म्हणाले, "बघू की." चतुर्थीला पुन्हा मी पेणला, काका आणि मामा डोंगराला. त्या वर्षी जिन्यातही माणसं उभी होती. डोंगर उचलण्याच्या वेळी कोण किती जोरात मोरया म्हणतं यावरून मुलांत भांडणं झाली.

तिसऱ्या वर्षीही तसंच. त्या वर्षी उचलताना काकांची बाजू थोडी खाली आली. मामांनी आपली बाजू तेवढीच खाली घेतली.

या आषाढात काका गेले. सकाळी रूळ पुसायला खाली बसले आणि गडबपाशी फळीला डोकं टेकून राहिले. काकूंना वाटलं, रुळाकडे निरखून बघतायत.

दिवस झाल्यावर मी वर गेले. काकू काय ठरवतात ते कुणालाच विचारवत नव्हतं. त्यांनीच विषय काढला. "गणपती येणार. दादाला कळवलंय."

"सुताराला बोलावू का?" मी म्हटलं. "बोगदा वाढवून घेऊ. तासाभराचं काम आहे."

"नको."

"काकू, मामांचं वय झालं. डोंगर उचलणं..."

"नको म्हणाले ना. तो बोगदा मोठा केला, की मग त्याच्याशेजारी कोणी उभं राहायलाच नको."

मी म्हटलं, मग डावी बाजू मी धरते. काकूंनी मान हलवली. "तू पेण सोडायचं नाय गो."

खालच्या आजींचा मुलगा उंच आहे, एक बाजू वर जाईल. समोरचे भाऊ चतुर्थीला गावी जातात. सुतार स्वतःहून "मी धरतो" म्हणाला, पण त्याला मामांच्या डोळ्याला डोळा लावून उचलता येत नाही. परवा मामा आले तेव्हा गाडीशिवाय नुसता उचलून पाहिला, डोंगर झुकला. वर दुपारी डबीचं गुणगुणणं ऐकू येतं, काकूंचा सराव चालू आहे. रूळ आता मी पुसते. बाकी सगळी तयारी झाली आहे. चतुर्थी पुढच्या आठवड्यात आहे आणि डोंगराची डावी बाजू धरायला अजून माणूस ठरायचा आहे.